इतर

पैसे भरायला तीन सेकंद लागले होते.
काढायला आज सव्विसावा दिवस.

निकेश पेंदाम रोज चारला येतो,
जिनिंगची पाळी सुटली की,
भुवयांवर कापसाची पांढरी लव घेऊन
माझ्या सेतू केंद्राच्या बाकावर बसतो.
काट्यावर असतो तो. भरली गाडी वजा रिकामी गाडी,
पावती फाडायची, पुढची घ्यायची.
वजाबाकीत कधी चुकला नाही.

एका रात्री चाक त्याच्या आकड्यावर थांबलं.
एकेचाळीस हजार तीनशे.
मला दाखवलं त्याने, फोन दोन्ही हातांत धरून,
सोनोग्राफीचा फोटो दाखवतात तसं.
आकडा हिरवा. खाली करड्या अक्षरांत: प्रलंबित.

हा शब्द माझ्या ओळखीचा.
दिवसभर माझ्याही स्क्रीनवर तोच असतो,
उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले.
पण माझ्या प्रलंबितला दारव्ह्यात एक टेबल आहे,
टेबलामागे एक माणूस आहे,
डबा खाताना त्याला गाठता येतं.

कंपनीने आधार मागितलं. दिलं.
पॅन मागितलं. नव्हतं. काढलं, दिलं.
आधार हातात धरलेला सेल्फी मागितला.
माझ्या भिंतीसमोर उभा केला त्याला;
योजनेच्या पोस्टरवरची बाई त्याच्या खांद्यामागून हसत राहिली.
नामंजूर: चौकटीत दुसरा चेहरा.

मग लाइटबिल मागितलं, त्याच्याच नावाचं.
बिल येतं महादू लिंबा पेंदाम या नावाने.
महादू आजा जाऊन अकरा वर्षं झाली,
मीटरला कोणी सांगितलेलं नाही.

"भरतानी कोनं नाव नाई इचारलं, मॅडम.
काढाले गेलो त आज्याचा मृत्यूदाखला मांगते."

तोही दिला. स्कॅन केला,
तीनशे केबीच्या आत बसवला आजा.

चॅटमध्ये सोफी नावाची कोणी होती.
'प्रिय निकेश, तुमची संयम आमच्यासाठी मौल्यवान आहे.'
त्याखाली एक बटण: काढणे रद्द करा, खेळत राहा.
मोठं, नारिंगी, बरोब्बर अंगठ्याखाली.
त्याला कागद लागत नव्हता.

शंकरपटात दौलत बोरकुटे झंडी-मुंडीचं फडकं अंथरायचा.
तोही लुटायचाच, फासे कसले होते देव जाणे.
पण झंडी लागली की नोट तिथल्या तिथे,
कारण भोवती शंभर माणसं उभी
आणि पळायला नांगरलेलं रान.
तो नियम कोणी छापला नव्हता.

जिनिंगच्या काट्यावर वजनमापेवाला साहेब येतो,
लोखंडी मापं चढवतो, उतरवतो,
शिशाला शिक्का मारून जातो.
"त्या चाकाले कोनं शिक्का मारला असन?"
तळाशी परवाना होता, कुठल्याशा बेटाचा.
नकाशात शोधलं आम्ही. निळं, निळं, निळंच,
मग एक ठिपका,
अडाण धरणात उन्हाळ्यात उघडं पडतं
त्या टेकाडाएवढा.

आज शेवटी तक्रार लिहायला घेतली.
विभाग निवडा: महसूल, ऊर्जा, पशुसंवर्धन.
खाली, खाली, अगदी तळाला: इतर.
आपली मागणी थोडक्यात.
तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला.
"लिहा, जेवढ्या वेळात घेतले
तेवढ्याच वेळात वापस द्यावे."
एवढंच? एवढंच.

अडकलेली रक्कम, आकड्यात.
मी चार टाकला, एक टाकला.

"बावीस हजार आठशे," तो म्हणाला.

मी हात उचलला कीबोर्डवरून.
त्याने भुवईवरची लव पुसली,
बोटावर आली तिला फुंकर घातली.

"लिहा ना, मॅडम.
उद्या आनखी कमी राहीन."